दोन वडील, दोन लेकी आणि मिलानचा ठराव

१/ मुलाची श्रवणशक्ती हरपू लागली की घरातल्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा : आता याच्याशी बोलायचे कसे? एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत दोन वडिलांनी या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे शोधली. आपापल्या मुलीपुरती दोन्ही उत्तरे उपयोगी ठरली. पुढे मात्र त्यांतील एकच सर्वांवर लादले गेले. त्याची ही हकीकत. #थ्रेड #इतिहास

२/ कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे डॉ. मेसन कॉग्सवेल हे नामांकित शल्यचिकित्सक राहत. त्यांची मुलगी ॲलिस हिचा जन्म १८०५ चा. ती जेमतेम दोन वर्षांची असताना ज्वराच्या दुखण्यात तिचे ऐकणे गेले आणि उमलू लागलेली वाचाही पाठोपाठ लोपली. अमेरिकेत तेव्हा कर्णबधिर मुलांसाठी एकही स्थायी शाळा नव्हती.

३/ १८१४ मध्ये शेजारच्या थॉमस गॅलॉडेट या तरुण धर्मोपदेशकाने ॲलिसला वस्तूंची नावे लिहून शिकवण्याचा प्रयत्न केला. तो आशादायक वाटल्याने कॉग्सवेल यांनी गावातील प्रतिष्ठितांकडून निधी जमवला आणि १८१५ मध्ये गॅलॉडेट यांना युरोपास धाडले. ब्रिटनमधील ब्रेडवुड घराण्याने आपली अध्यापनपद्धती गुप्त राखण्याची अट घातली. गॅलॉडेट यांनी ती नाकारली. पॅरिसच्या शाळेने मात्र त्यांना सारे मोकळेपणाने शिकवले.

४/ परतताना त्यांच्यासोबत लॉरां क्लेर होते : स्वतः कर्णबधिर, व्यवसायाने शिक्षक. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डची शाळा सुरू झाली आणि ॲलिस तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक ठरली. क्लेर यांची फ्रेंच खूणभाषा आणि मुलांनी आपापल्या घरून-गावातून आणलेल्या खुणा यांच्या मिलाफातून अमेरिकन खूणभाषा घडत गेली.

५/ आता दुसरे घर. साल १८६३. मॅसॅच्युसेट्समधील वकील गार्डिनर हबर्ड यांची पाच वर्षांची मेबेल स्कार्लेट फीव्हरमधून वाचली, पण बहिरी झाली. ॲलिस आणि मेबेल यांच्यातला मोठा भेद येथेच आहे. मेबेलने पाच वर्षे भाषा ऐकली होती, ती बोलत होती. तिच्यापाशी भाषा होती. भीती होती ती गमावण्याची. स्वतःचा आवाज कानी पडेनासा झाला की लहान मुलाचे उच्चार बिघडत जातात.

६/ शिक्षणतज्ज्ञ सॅम्युअल हाउ यांच्या सल्ल्यानुसार घरच्यांनी तिच्याशी बोलणे चालूच ठेवले. खुणेऐवजी शब्दाचा आग्रह धरला. मेरी ट्रू या शिक्षिका घरी नेमल्या. मेबेल ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखू लागली. १८६७ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, तिने विधिमंडळाच्या समितीसमोर प्रश्नांची उत्तरे दिली. त्याच वर्षी नॉर्दॅम्प्टन येथे केवळ वाचेद्वारे शिकवणारी क्लार्क शाळा स्थापन झाली. तिच्यासाठी जॉन क्लार्क यांनी ५०,००० डॉलरची देणगी दिली होती.

७/ हीच मेबेल पुढे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची विद्यार्थिनी आणि १८७७ मध्ये पत्नी झाली. बेल हे वाचापद्धतीचे अत्यंत प्रभावी पुरस्कर्ते. या पद्धतीच्या यशाचे दाखले म्हणून अनेकदा मेबेलसारखीच, आधी ऐकून भाषा शिकलेली मुले पुढे केली जात. जन्मतः बहिऱ्या वा ॲलिसप्रमाणे भाषा रुजण्याआधीच बहिऱ्या झालेल्या मुलांची गोष्ट निराळी होती. युक्तिवादात हा भेद पुसला गेला.

८/ सप्टेंबर १८८० मध्ये मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. खूणभाषेपेक्षा वाचापद्धतीच श्रेष्ठ, हा ठराव १६० विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. मतदारांमध्ये कर्णबधिर व्यक्ती होती केवळ एक : अमेरिकेचे जेम्स डेनिसन. विरोधकांत थॉमस गॅलॉडेट यांचे पुत्र एडवर्ड होते. त्यांच्या आई सोफिया जन्मतः बहिऱ्या, हार्टफर्डच्याच विद्यार्थिनी. घरातली पहिली भाषा खुणांची असलेला हा माणूस अल्पमतात गेला.

९/ परिणाम दूरगामी झाले. अनेक देशांत कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. खुणा करणाऱ्या मुलांच्या हातांवर छड्या बसल्या. कित्येक मुलांची वर्षे ऐकू न येणारे ध्वनी घोटण्यात सरली आणि इतर विषय मागे राहिले. याच परिषदांच्या परंपरेतील २०१० च्या व्हँकूवर परिषदेने मिलानचे ठराव औपचारिकरीत्या फेटाळले. मध्ये १३० वर्षे गेली होती.

१०/ हबर्ड यांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी आपल्या लेकीकडे नीट पाहिले आणि तिच्यापाशी उरलेली भाषा जपली. कॉग्सवेल यांनीही पाहिले आणि लेकीपाशी नसलेली भाषा तिच्यासाठी समुद्रापलीकडून आणवली. मिलानच्या सभागृहाने मात्र मूल कोणत्या वयात बहिरे झाले, हे विचारलेच नाही.

११/ आज श्रवणयंत्रे आहेत, कॉक्लिअर इम्प्लांट आहेत. तरीही ‘मुलाला खुणा शिकवाव्यात की नाही’ हा वाद अनेक घरांत आजही होतो. तुमच्या परिचयात असे घर असेल, तर ही हकीकत त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवा. आणि निर्णयापूर्वी एखाद्या प्रौढ कर्णबधिर व्यक्तीशी बोला, असेही सांगा. मिलानमध्ये नेमके तेवढेच राहून गेले होते.