पाटावर बसणारा पाय

महाप्रसादाच्या पंगतीत मांडी घालून बसताना आपण पायांचा विचार करीत नाही. कृत्रिम पाय लावणाऱ्यांची एकेकाळी नेमकी इथेच अडचण होई. विलायती धर्तीचा तो पाय बुटाशिवाय वापरता येत नसे आणि घोट्यात पुरेसा वळतही नसे. खुर्चीवर बसणाऱ्या साहेबाला तो ठीक होता. पण उकिडवे बसणे, देवळात अनवाणी जाणे, शेतातला चिखल तुडवणे त्याने कसे जमावे? जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या लक्षात आले, की रुग्ण हा पाय घरी टाकून पुन्हा कुबड्या घेतात.

त्याच रुग्णालयात रुग्णांना हस्तकला शिकवणारे रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. शालेय शिक्षण बेताचेच. ट्रकच्या टायरवर नवे रबर चढवताना पाहून त्यांना युक्ती सुचली, असे सांगतात. १९६८ च्या सुमारास दोघांच्या खटपटीतून ‘जयपूर फूट’ तयार झाला. आत लाकूड व स्पंजी रबराचे ठोकळे, वरून कातडीच्या रंगाचे रबर, सारे साच्यात तापवून एकजीव केलेले. बूट लागत नाही, पाणी चालते, घोटा वळतो. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठींना मिळाला. तो योग्यच, पण आम्ही पडलो डिप्लोमावाले, आमचा कौल जरा मास्टरजींकडे झुकतो.

१९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय मोफत बसवून दूरवर पोचवला. आमच्या पिढीला तो ‘नाचे मयूरी’मधल्या सुधा चंद्रन यांच्यामुळे ठाऊक झाला.

मात्र ज्यांना चाकाच्या खुर्चीशिवाय गत्यंतर नाही, त्यांना हा पाय काय कामाचा? त्यांची खुर्ची उत्तम असली तरी पायरीपाशी अडते. गेल्या वर्षी आपल्या मंडळातील एका ज्येष्ठ काकांनी आरती फाटकाजवळूनच ऐकली. चार जण उचलायला धावले होते, पण काका नको म्हणाले. सभागृहाला सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या, म्हणजे दीड फूट चढ. आमच्या खात्यात उताराचे प्रमाण एकास बारा धरतात, म्हणजे अठरा फूट लांबी हवी. उजवीकडे, आपण चपला काढतो तिथे, एकोणीस फूट जागा आहे. आम्ही टेप लावून मोजली.