परक्या ताटांतील घरचे पदार्थ

देहूजवळील तळवड्यांत आज संगणकाच्या कचेऱ्या उभ्या आहेत. तेथील एखाद्या सुशिक्षित कुटुंबानें इष्टमित्रांस कॅरिबियन पद्धतीची मेजवानी देऊन सोबत नारायणगांवाकडील द्राक्षांची वाईन मांडली, तर जुन्या वळणाचीं माणसें त्यास परकीय थेर म्हणतील. इतिहास मात्र निराळेंच सांगतो. चाकणच्या बाजारांतील ‘बटाटा’ हें नांवच मुळीं त्या बेटांवरील टाइनो लोकांच्या भाषेंतलें. तेथें तें रताळ्याचें होतें. मिरची कोलंबसास १४९२ च्या सफरींत तेथेंच आढळली. पुढें १५१० मध्यें गोवें घेणाऱ्या पोर्तुगीजांमार्फत ती आपल्या स्वयंपाकघरांत शिरली.

उलट, उसापासून साखर करण्याची विद्या भारतांतून पश्चिमेकडे गेली, आणि १४९३ मध्यें कोलंबसानें ऊस त्या बेटांवर नेला. त्याच्या मळ्यांपायीं आफ्रिकेंतील लाखों माणसें गुलाम झालीं. गुलामगिरी उठल्यावर करारबद्ध हिंदी मजुरांची पाळी आली. त्यांना घेऊन कलकत्त्याहून त्रिनिदादला गेलेलें पहिलें जहाज ३० मे १८४५ रोजीं तेथें लागलें.

तेव्हां हें ताट परकें नव्हे. पेले भरण्यापूर्वीं यजमानानें पाहुण्यांस स्वादाबरोबर या श्रमांचीही ओळख करून द्यावी. त्यावांचून मेजवानी अपुरीच राहील.