थांब्यावरचा दिवा

बारावीत मी जनुकीय संकेतांचा तक्ता घोकला होता. तीन-तीन अक्षरांचे ६४ शब्द, त्यांतून २० अमिनो आम्लं, आणि प्रथिनाची साखळी 'इथे थांबव' असं सांगणारे तीन शब्द: यूएए, यूएजी, यूजीए. तक्ता १९६६मध्ये पूर्ण झाला, १९६८मध्ये हरगोविंद खोराना आणि इतर दोघांना नोबेल मिळालं. तक्ता म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं मला वाटायचं.

नंतर कळलं, यूएजीला 'अँबर' असं लाडकं नाव आहे. कॅल्टेकमध्ये विषाणूंवर काम करणाऱ्या मंडळींनी हॅरिस बर्नस्टाइन या सहकारी विद्यार्थ्याच्या आडनावावरून ते पाडलं. जर्मनमध्ये बर्नस्टाइन म्हणजे अँबर, आपला तृणमणी. याच थांब्यावर पुढे दिवा लागला.

दिवा हवा होता, कारण पेशीतलं प्रथिन डोळ्यांना दिसत नाही. ओसामु शिमोमुरांना १९६२मध्ये जेलीफिशमध्ये हिरवं चमकणारं प्रथिन सापडलं. १९९४पासून ते जिवंत पेशींत खूण म्हणून वापरात आलं. पण हा कंदील २३८ अमिनो आम्लांचा! अख्ख्या इन्शुलिनमध्ये असतात ५१. मुंगीच्या पाठीवर कंदील बांधला, तर तिची खरी चाल कशी कळणार?

पीटर शुल्ट्झ यांच्या गटाने वेगळा विचार केला: साखळीतला एकच मणी चमकणारा का नको? जीवाणूत सगळ्यात कमी वापरला जाणारा थांबा यूएजीच. समुद्रतळाच्या उकळत्या झऱ्यांजवळच्या एका सूक्ष्मजीवाकडून त्यांनी एक जोडी उसनी घेतली: अमिनो आम्ल वाहून आणणारा आरएनए आणि त्यावर माल चढवणारं विकर. यूएजी आला, की या जोडीने थांबायचं नाही, नवा मणी ओवायचा. २००१मध्ये हे जिवंत ई. कोलाय जीवाणूत जमलं. तो मणी चमकणारा नव्हता. २००६मध्ये कूमारिनचा चमकणारा मणी ओवला गेला, आणि २००९मध्ये यीस्टमध्ये 'अनॅप'. आजूबाजूची परिस्थिती बदलली की अनॅपच्या प्रकाशाचा रंग सरकतो. म्हणजे प्रथिन कुठे आहे एवढंच नाही, त्याचा तो भाग कसा हलतोय हेही कळतं.

जुना थांबा मात्र पुसला गेलेला नाही. पेशीचं थांबवणारं प्रथिन कधी आधी पोचतं आणि साखळी अर्धवट तुटते. प्रत्येक यूएजीपाशी ही शर्यत लागते. मी मार्कांसाठी घोकलेल्या तक्त्यात 'थांबा' लिहिलेल्या चौकटीत कोणीतरी वाट पाहिली होती, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर तो तक्ता मी वेगळ्याच डोळ्यांनी वाचला असता.