जुन्या वृत्तपत्रांतील पुरलेले धन

जुन्या वस्तीच्या प्रत्येक गावात पुरलेल्या धनाची एक तरी कथा असते. पडक्या वाड्याच्या तळघरात मोहरांचा हंडा आहे, त्यावर नाग बसला आहे आणि जागा जाणणारा शेवटचा कारभारी कुणाला काही न सांगताच वारला, हा तिचा ठरलेला साचा. अशा कथांचा माग काढणारे हौशी लोक जुन्या स्थानिक वृत्तपत्रांच्या फायली चाळतात. पाया खणताना सापडलेली नाणी, सावकाराच्या घरी पडलेला दरोडा, पुरात वाहून गेलेली वस्ती, अशा चार ओळींच्या बातम्यांवरून ते धनाची जागा ठरवू पाहतात. इतिहास शिकविणाऱ्याने या उद्योगाला हसू नये. त्यांचे साधन आणि आपले साधन एकच आहे. त्यास विचारावयाचा प्रश्न मात्र वेगळा आहे.

धन पुरणारा मनुष्य ते परत काढण्याच्या इराद्यानेच पुरतो. मोठ्या व्यापाऱ्यांसाठी पेढ्या आणि हुंड्या होत्या. सामान्य कुटुंबास मात्र भिंत, चुलीखालची जमीन आणि परसातील झाड हीच तिजोरी होती. टपाल खात्याची बचत बँक सुरू झाली ती १८८२ साली. त्यापूर्वी फौज येत असल्याची वार्ता आली, की घरातील किडूकमिडूक मातीआड जाई. म्हणून जो हंडा शतकानंतर जसाच्या तसा सापडतो, तो परत न आलेल्या मनुष्याची साक्ष देतो. तो का आला नाही, हा इतिहासाचा प्रश्न होय.

बृहन्महाराष्ट्रातील आपणा मराठी जनांस याची दोन उदाहरणे जवळची आहेत. राज्य गेल्यावर दुसरे बाजीराव पेशवे कानपूरजवळ बिठूर येथे आठ लाखांच्या वार्षिक तनख्यावर राहिले. १८५१ साली ते निवर्तल्यावर तो तनखा नानासाहेबांस नाकारण्यात आला. पुढे १८५७ च्या डिसेंबरात होप ग्रँटच्या फौजेने बिठूरचा वाडा उद्ध्वस्त केला आणि तेथील विहिरीतून मौल्यवान ऐवज उपसून काढला. दुसरे उदाहरण ग्वाल्हेरचे. शिंद्यांच्या राखीव खजिन्यास ‘गंगाजळी’ म्हणत. हा शब्द आजही आपण देशाच्या परकीय चलनाविषयी वापरतो. १८५८ च्या जूनमध्ये क्रांतिकारकांच्या फौजेने ग्वाल्हेर घेतले, तेव्हा शिंद्यांच्या खजिन्यातून शिपायांचे पगार वाटले गेले. त्यानंतर किल्ला इंग्रजांकडे राहिला. तो १८८६ साली परत मिळाला आणि त्याच वर्षी जयाजीराव शिंदे वारले. गुप्त खजिन्याची जागा सांगणाऱ्या सांकेतिक लेखास ‘बीजक’ म्हणतात. ते बीजक महाराजांबरोबरच गेले, ही कथा मग घरोघर सांगितली जाऊ लागली.

कथा छापली गेली म्हणजे ती खरी ठरत नाही. याचा धडा २०१३ साली साऱ्या देशाने पाहिला. उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात, गंगाकाठच्या डौंडिया खेडा गावी, १८५७ च्या लढ्यातील राजा राव रामबक्षसिंह यांचे एक हजार टन सोने पुरले असल्याचे स्वप्न एका साधूस पडले. १८ ऑक्टोबरला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन आरंभिले, आणि गावात कॅमेरे व मिठाईची दुकाने येऊन थडकली. सोने निघाले नाही. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेकडे असलेले एकूण सोने सुमारे ५५८ टन होते. एका छोट्या संस्थानिकाकडे त्याच्या जवळजवळ दुप्पट सोने कोठून येणार, हा गुणाकार-भागाकार करावयास सातवीतील विद्यार्थीही पुरेसा होता. अनेक मथळ्यांनी तो केला नाही.

मग जुन्या बातमीत विश्वासार्ह ते काय? १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. न कळविणाऱ्याचा वाटा जप्त होतो, वर एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. जिल्हाधिकारी दावेदारांसाठी जाहीर सूचना काढतो आणि चौकशीची तारीख चार ते सहा महिन्यांनंतरची ठेवतो. धन बेवारस ठरले व करार नसला, तर सापडविणाऱ्यास तीन-चतुर्थांश आणि जमीनमालकास एक-चतुर्थांश मिळते. अशा सूचनेत स्थळ व तारीख असते. ‘ग्रामस्थांत चर्चा आहे’ या शब्दांनी संपणारी बातमी निराळी आणि ही सूचना निराळी. पहिलीतून लोकांच्या मनातील भय व आशा कळते, दुसरीतून घडलेली गोष्ट कळते. दोन्ही जपाव्यात, पण एकीच्या जागी दुसरी धरू नये.

सापडलेल्या धनाचे खरे मोल कसे ओळखावे, हे एका मराठी पंडिताने दाखविले. १९४६ साली भरतपूर संस्थानातील बयान्याजवळ गुप्तकालीन सुवर्णनाण्यांचे भांडे उघडकीस आले. काही नाणी वितळविली गेली. १८२१ नाणी वाचली. काशी आणि पाटणा येथे अध्यापन केलेल्या डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी त्यांची तपशीलवार सूची तयार केली. त्यांत सर्वांत उत्तरकालीन नाणे स्कंदगुप्ताचे होते. त्यावरून हूणांच्या आक्रमणाच्या धामधुमीत कुणीतरी हा निधी पुरला असावा, असे अनुमान निघाले. जी नाणी वितळली त्यांचे सोने कुणाच्या तरी अंगावर राहिले, परंतु त्यांवरील मुद्रा व अक्षरे कायमची गेली.

शाळेच्या हीरक महोत्सवात हा विषय मी निवडला, त्यास कारण आहे. महाराष्ट्राबाहेरील मराठी वस्त्यांनी काढलेली पत्रके, मंडळांचे अहवाल, गणेशोत्सवाच्या स्मरणिका आणि स्थानिक वृत्तपत्रांचे अंक आज रद्दीच्या भावाने चालले आहेत. आजोबांची ट्रंक रिकामी करताना दागिने काळजीपूर्वक मोजले जातात आणि त्यांखाली अंथरलेले वर्तमानपत्र फेकले जाते. आपली कुटुंबे या प्रदेशात कोणत्या साली, कोणत्या नोकरीनिमित्त आली, कोणत्या गल्लीत राहिली, ही शाळा काढण्यासाठी वर्गणी कुणी दिली, हे त्या कागदांतच आहे. दुसरीकडे त्याची प्रत नसेल.

माजी विद्यार्थी व पालकांस माझी विनंती आहे, की असा कागद आढळल्यास तो फाडू अथवा चिकटवू नये. त्याचे छायाचित्र घ्यावे आणि पत्राचे नाव, तारीख व तो कोणाच्या घरी मिळाला हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून शाळेच्या ग्रंथालयास कळवावे. मूळ कागद आपल्याजवळच ठेवला तरी चालेल. नववीच्या विद्यार्थ्यांकडून त्यांची वर्षवार सूची करून घेण्याचे काम या वर्षी आम्ही हाती घेत आहोत.