धुतलेला धूर

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मुघल दरबारातल्या असद बेगाने विजापूरहून तंबाखू आणून अकबरासमोर ठेवली, तेव्हा हकिमाने हरकत घेतली: ही वस्तू आमच्या ग्रंथांत नाही, तिची पारख झालेली नाही. फिरंगी शहाणे आहेत, ते उगाच ओढतील का, असे असद बेगाचे उत्तर होते. हा वाद त्यानेच लिहून ठेवला आहे. सरशी तंबाखूची झाली. पुढे श्वासावाटे घ्यायच्या बहुतेक नव्या वस्तूंबाबत हाच क्रम राहिला: आधी वापर, मग पारख, आणि तीही ओढणाऱ्याच्याच फुफ्फुसात. हुक्क्याचे पाणी धूर गार करते म्हणून तो निर्धोक मानला गेला. पण कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जेमतेम विरघळतो. १९५२ साली अमेरिकेत केंट सिगारेट आरोग्य जपणाऱ्या फिल्टरच्या जाहिरातीवर खपली. त्या फिल्टरमध्ये १९५६ पर्यंत निळा ॲस्बेस्टॉस होता.

२००३ च्या सुमारास चीनमधल्या होन लिक यांनी ई-सिगारेट, म्हणजेच व्हेप, घडवली आणि धूरच वगळला. तापल्या तारेवर प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचे तुषार होतात, त्यांत निकोटिन आणि स्वाद. हे द्रव खाद्यपदार्थांत चालतात, हा विक्रेत्यांचा आवडता दाखला. पण पोटाला जे पचते ते फुफ्फुसाला सोसतेच असे नाही. लोण्याचा वास देणारे डायअसिटिल खाण्यात निर्धोक. मिसुरीतल्या पॉपकॉर्न कारखान्यात मात्र त्याच्या वाफेने कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या आखडल्या. व्हिटॅमिन ई ॲसिटेट त्वचेच्या क्रीममध्ये असते. २०१९ साली व्हेपमधून ते ओढणाऱ्या अनेक अमेरिकी तरुणांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत या आजाराचे २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले.

यावर आक्षेप येतो की ती साथ मुख्यतः गांजाच्या अर्काच्या भेसळीची होती, निकोटिनची नव्हे. तो खरा आहे. सिगारेट पूर्ण सोडून व्हेपकडे वळणाऱ्याच्या शरीरात कमी विष जाते, हेही मान्य. पण ज्या पोराने कधी बिडीही ओढली नाही, त्याची तुलना सिगारेटशी नव्हे, स्वच्छ हवेशी करायला हवी. आणि दीर्घकाळात काय होते हे सांगायला लागणारी वर्षे अजून उलटलेली नाहीत. सिगारेट घरोघरी पोचल्यावर तिचा फुफ्फुसाच्या कर्करोगाशी संबंध ठामपणे दिसायला १९५० साल उजाडले होते. भारताने २०१९ मध्ये ई-सिगारेटवर बंदी घातली, ती या न्यायाने योग्यच. मात्र न्याय अर्धाच झाला: जिच्याविरुद्ध संशय आहे ती वस्तू बेकायदा ठरली, आणि जिच्याविरुद्ध पुरावा आहे ती पानटपरीवर राजरोस विकली जाते.