धुके आणि चार स्वर

आपल्या रसशास्त्रात विभावाचे दोन प्रकार मानले आहेत. भय ज्याच्यामुळे उपजते, ते आलंबन. आणि ते भय वाढविणारे स्थळ, काळ, ध्वनी हे उद्दीपन. नातवंडे खेळतात त्या व्हिडिओ गेमकडे या दृष्टीने पाहिले, तर त्याचा इतिहास हा पुष्कळसा उद्दीपनाचाच इतिहास आहे, असे दिसून येते.

१९७८ साली जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ तयार केला. पडद्यावर ५ रांगांत शत्रूंच्या ५५ आकृत्या. संगीत म्हणावे तर खाली उतरणाऱ्या चार स्वरांचे आवर्तन. खेळाडू शत्रू टिपू लागला, की यंत्रावरील भार हलका होई आणि उरलेल्या आकृत्या अधिक वेगाने सरकत. हे यंत्राच्या दुबळेपणातून घडले. निशिकादोंनी ते तसेच राहू दिले. स्वरांची लयही द्रुत होत जाई. नाटकाचा प्रेक्षक भयापासून दूर बसलेला असतो. येथे मात्र ते वाढत होते खेळणाऱ्याच्याच हाताने.

१९९९ साली कोनामी कंपनीचा ‘सायलेंट हिल’ आला. हरवलेल्या मुलीच्या शोधात एक बाप निर्मनुष्य गावात भटकतो. दूरवरचे रस्ते नि इमारती एकाच वेळी रेखाटणे त्या काळच्या प्लेस्टेशन यंत्राला झेपत नव्हते. ती उणीव धुक्याने झाकली. जवळचा रेडिओ खरखरू लागला, की काहीतरी समीप आले आहे, एवढेच कळे. धुक्यामुळे डोळे निकामी झाले, म्हणून कान सावध झाले.

या खेळाचा दुसरा भाग २००१ साली निघाला. २०१२ साली अधिक समर्थ यंत्रांसाठी त्याची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा चित्र स्वच्छ झाले खरे. परंतु काही ठिकाणी धुके विरळ झाले आणि त्याआड दडलेली, अर्धवट रचलेल्या जगाची कड उघडी पडली. जाणकार खेळाडूंनी नाराजी व्यक्त केली. कथा तीच होती, पात्रे तीच होती. भय मात्र उणावले होते.

जुन्या कृतींचे जतन करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावयास हवे. उणीव समजून आपण जे पुसून टाकतो, त्यातच कधी कधी कृतीचा प्राण असतो.