अस्सल आणि तालीक

वेल्हे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम तोरणा उभा राहतो आणि पाठोपाठ राजगड. हा मुलूख लढायांचा व गडांचा, अशीच आपली समजूत असते. आणि आता या तालुक्यास राजगडचेच नाव मिळालेले असल्यामुळे ती अधिकच दृढ होईल. परंतु आज मी आपणांपुढे मांडणार आहे तो इतिहास तलवारीचा नसून कागदाचा आहे. एखादा मजकूर एकाच ठिकाणी लिहिलेला असला म्हणजे त्याचे काय होते आणि दोन ठिकाणी असला म्हणजे काय होते, एवढाच माझा प्रश्न आहे. हा प्रश्न शिवकाळात वतनदारापुढे होता. आणि आज घरच्या संगणकास एक लहानशी डिस्क जोडून ‘आपले सर्व सुरक्षित आहे’ असे मानणाऱ्या गृहस्थापुढेही तोच आहे.

जुन्या वतनपत्रांची रीत आधी पाहू. जमिनीचे, इनामाचे किंवा वतनाचे पत्र सरकारातून निघाले म्हणजे ते महालाच्या अधिकाऱ्यांस दाखवावे लागे. पत्राच्या अखेरीस बहुधा अशी आज्ञा असे की, याची तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घेऊन दप्तरी ठेवावी आणि अस्सल कागद ज्याचा त्यास भोगवट्यासाठी परत द्यावा. आदिलशाहीतून चालत आलेली ही रीत मराठी राज्यातही चालू राहिली. ती वरवर कारकुनी दिसते, परंतु तिच्यातील शहाणपण ध्यानात घेण्याजोगे आहे. वतनदाराचा वाडा जळाला तर महालाच्या दप्तरात तालीक आहे. महालाचे दप्तर लुटले गेले तर वाड्यात अस्सल आहे. दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी संकट येणे अगदी अशक्य नाही, पण दुर्मीळ खास.

नक्कल करणे एवढ्याने मात्र भागत नाही. ती तपासावीही लागते. अष्टप्रधानांत सचिवाकडे हेच काम होते. राजपत्रे शोधून पाहावीत, अक्षर अधिक-उणे झाले असेल ते शुद्ध करावे, महाल-परगण्यांचे हिशेब तपासावेत, ही त्याची कर्तव्ये. पुढे राजाराममहाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायण यांजकडे आले आणि त्यांच्याच घराण्याचे राज्य म्हणजे भोर संस्थान. ते 1948 साली विलीन होईपर्यंत तेथील अधिपती ‘पंत सचिव’ म्हणूनच ओळखले जात. ज्या गावाच्या राजघराण्याचे नावच मुळी कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे, त्या गावच्या परिसरात या विषयाची चर्चा करणे अप्रस्तुत नव्हे.

आता या व्यवस्थेची कसोटी केव्हा लागली ते पाहू. राजधानी राजगडावरून रायगडावर गेली, तेथे राज्याचे मोठे दप्तर जमले. आणि 1689 साली रायगड मोगलांच्या हाती पडला तेव्हा ते दप्तर नाहीसे झाले. शिवछत्रपतींच्या राज्यकारभाराचा मध्यवर्ती संग्रह आज आपणांस उपलब्ध नाही याचे मुख्य कारण हेच. मग शिवकालीन पत्रे आपणांस मिळाली कोठून? ती मिळाली देशमुखांच्या व देशपांड्यांच्या घरांतून, कुलकर्ण्यांच्या रुमालांतून, मठांतून आणि देवस्थानांतून. राजवाडे यांनी 1898 पासून साधनांचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. या साऱ्या उद्योगाचा पाया म्हणजे घरोघरी उरलेले अस्सल कागद व त्यांच्या तालिका. मध्यवर्ती दप्तर बुडाले, विखुरलेले कागद तरले.

याचे सर्वांत बोलके उदाहरण भोर तालुक्यातीलच आहे. रोहिड खोऱ्यातील कारी गावचे जेधे देशमुख हे कान्होजी जेध्यांचे घराणे. अफजलखानाच्या स्वारीत महाराजांच्या पाठीशी उभे राहिलेले ते कान्होजी. या घराण्याच्या संग्रहात एक शकावली होती. ती दयाजीराव सर्जेराव जेधे यांनी लोकमान्य टिळकांच्या स्वाधीन केली आणि 1916 साली ती प्रसिद्ध झाली. तीत शिवजन्माची मिती शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया अशी होती; इंग्रजी तारीख 19 फेब्रुवारी 1630. तोपर्यंत बखरींच्या आधारे शके 1549, वैशाख शुद्ध द्वितीया ही मिती प्रचारात होती. पुष्कळ बखरी एका बाजूस आणि एक शकावली दुसऱ्या बाजूस, असा सामना होता. पुढे तंजावरास सापडलेले परमानंदांचे ‘शिवभारत’ सदाशिव महादेव दिवेकर यांनी 1927 साली प्रसिद्ध केले, त्यातही फाल्गुन वद्य तृतीयाच निघाली. आणि जोधपूरकडील एका संग्रहात मिळालेल्या जन्मकुंडलीनेही तिलाच दुजोरा दिला.

येथे क्षणभर थांबावे. बखरी संख्येने अधिक होत्या, मग त्यांचे म्हणणे का टिकले नाही? कारण एका बखरीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असे लिहिताना पहिलीतील चूकही उतरत जाते. अशा दहा प्रती एकाच साक्षीदाराच्या तोंडून दहा वेळा ऐकल्यासारख्या. कारी, तंजावर आणि जोधपूर या तीन ठिकाणांचा मात्र एकमेकांशी संबंध नव्हता. प्रती किती आहेत यापेक्षा त्या एकमेकींपासून किती स्वतंत्र आहेत हे महत्त्वाचे, हा नियम इतिहाससंशोधनातला असला तरी संगणकासही तसाच लागू पडतो.

वेल्हे तालुक्याने हा धडा अलीकडच्या काळात पुण्यालाही एकदा दिला, आणि तो फार कठोर होता. 12 जुलै 1961 रोजी सकाळी आंबी नदीवरील पानशेतचे नवे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले आणि नदीकाठचे पुणे पाण्याखाली गेले. माणसे गेली, घरे गेली. आणि ज्यांची घरे उभी राहिली त्यांच्याही ट्रंकांतील खरेदीखते, वह्या, पुस्तके व छायाचित्रे चिखल होऊन गेली. ज्या खरेदीखताची नोंद सरकारी कचेरीत होती त्याची नक्कल पुन्हा काढता येण्यासारखी होती. वडिलांच्या एकुलत्या एका छायाचित्राची नक्कल कोठून काढणार?

आता कागदाकडून यंत्राकडे वळू. चुंबकीय तबकडीवर मजकूर साठविणारे पहिले यंत्र आय. बी. एम. कंपनीने 1956 साली बाहेर काढले. त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, एकंदर वजन टनाच्या घरात, आणि त्यात मावत असे सुमारे पन्नास लाख अक्षरांचा मजकूर. आज खिशात मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लक्षावधीपट मजकूर राहतो. 1996 साली यूएसबी ही जोडणीची पद्धत आली आणि अशी डिस्क बाहेरून लावणे हा पोराबाळांचा खेळ झाला. नकला आपोआप काढणारे कार्यक्रमही संगणकाबरोबरच मिळू लागले. ॲपलचे टाइम मशीन 2007 साली आले, विंडोजमधील फाइल हिस्टरी 2012 साली. अर्थात तालीक लिहिणारा कारकून आता घरोघरी फुकट मिळाला. पण तोही कधी आजारी पडतो, कधी झोपतो, आणि कधी काम न करताच केल्याची बतावणी करतो. म्हणून त्याच्या दुखण्यांची थोडी ओळख हवी.

पहिले दुखणे, डिस्क लावली पण संगणकास दिसत नाही. अशा वेळी घाबरून न जाता बाहेरून आत जावे. प्रथम केबल बदलून पाहावी, कारण बिघाड पुष्कळदा तीत असतो. मग दुसऱ्या छिद्रात लावावी. अनेक वस्तू जोडलेल्या पट्टीवर डिस्क असेल तर ती काढून थेट संगणकास जोडावी, कारण पट्टीतून पुरेशी वीज मिळत नाही. नंतर दुसऱ्या संगणकावर लावून पाहावी. तेथे चालली तर दोष डिस्कचा नाही, हे ठरले. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडले असता कधी कधी डिस्क दिसते, पण तिला अक्षर मिळालेले नसते. ते दिले की काम भागते.

दुसरे दुखणे अधिक नाजूक. संगणक डिस्क ओळखतो, परंतु ‘ही फॉरमॅट करावी काय?’ असे विचारतो. येथे ‘होय’ म्हणणे म्हणजे वाळवी लागलेला रुमाल चुलीत घालणे होय. मजकूर बहुधा शाबूत असतो. बिघडलेली असते ती त्याची अनुक्रमणिका. दुरुस्तीचे कार्यक्रम आहेत, परंतु तेही डिस्कवर लिहितात आणि कमकुवत डिस्कवर लिहिण्याने कधी उरलेलेही जाते. म्हणून आधी त्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि उपचार प्रतिमेवर करावेत. जीर्ण कागद हाती आला की संशोधक तो उलगडण्याआधी त्याचे छायाचित्र घेतो, ते याच कारणाने. आणि डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येऊ लागला तर मात्र वीज तोडून ती जाणत्याकडे न्यावी; प्रत्येक वेळी चालू करून पाहण्याने आतील तबकडी खरवडली जाण्याचा धोका असतो.

तिसरी दुखणी नक्कल काढणाऱ्या कार्यक्रमाची. काम अर्ध्यावर थांबते, याचे एक नेहमीचे कारण डिस्कवरील मांडणी. फॅट-32 या जुन्या मांडणीत चार गिगाबाइटपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. लग्नाचे लांबलचक चित्रण आले की कार्यक्रम अडखळतो. एनटीएफएस ही विंडोजची मांडणी मॅकला वाचता येते, पण वेगळी सोय केल्याखेरीज तीवर लिहिता येत नाही. कधी डिस्कचे अक्षर बदलते आणि कार्यक्रम जुन्याच पत्त्यावर शोधत राहतो. कधी रात्री दोनची वेळ ठरविलेली असते आणि संगणक तेव्हा झोपलेला असतो. कधी जुन्या आवृत्त्या साठून डिस्क भरते. या साऱ्यांची नोंद कार्यक्रम स्वतः ठेवीत असतो. महिन्यातून एकदा ती नोंद उघडून शेवटची यशस्वी नक्कल कोणत्या तारखेची, एवढे पाहिले तरी निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे काम सचिवाचे. नक्कल झाली हे कार्यक्रमाचे म्हणणे झाले. ती उघडते काय, हे आपण पाहावयाचे. दोन-चार फाइली नकलेतून परत काढून, दुसऱ्या जागी ठेवून, उघडून बघाव्यात. हे न करणारास बिघाडाच्या दिवशीच कळते की आपली तालीक कोरी होती.

एक गैरसमजही दूर केला पाहिजे. मोबाइल आणि संगणक यांतील छायाचित्रे एकमेकांशी जुळवून ठेवणारी सोय पुष्कळजण वापरतात आणि तीच नक्कल समजतात. पण एका ठिकाणी पुसले की ती सोय दुसरीकडेही पुसते. बखरींतील चूक जशी उतरत गेली, तशीच ही. शिवाय डिस्क सदोदित संगणकास जोडलेली असेल तर विजेचा लोळ, चोर आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे कार्यक्रम हे तिघेही दोहोंस एकदम गाठतात. याकरिता छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात एक सुटसुटीत नियम रूढ केला: प्रती तीन, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक तरी घराबाहेर. नियम नवा, त्यातील तत्त्व मात्र कारी आणि तंजावर यांनी आधीच सिद्ध करून ठेवले होते.

हे सारे वेल्हे-भोरच्या माणसास का सांगावयाचे? कारण त्याच्या घरात अजून मोडी कागदांचे रुमाल आहेत, आणि पानशेत, वरसगाव, गुंजवणी, नीरा-देवघर या धरणांखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या हक्काचे दाखलेही आहेत. मुले शहरातून येतात, मोबाइलवर त्या कागदांची छायाचित्रे काढतात, एका डिस्कवर भरतात आणि ‘आता मूळ कागदांची काळजी नको’ असे म्हणून निघून जातात. येथे अस्सल वाळवीच्या तोंडी गेले आणि तालीक एकाच डिस्कवर उरली. डिस्क कायमची टिकत नाही. जुन्नरी कागदावरील काजळीची शाई तीनशे वर्षांनंतर वाचता येते, तशी हमी कोणत्याही डिस्कचा कारखानदार देत नाही. तेव्हा कागद टाकू नयेत. डिस्क काही वर्षांनी बदलावी. आणि फाइलीचे नाव नुसता आकडा न ठेवता गाव, साल व विषय लिहून ठेवावे. मोडी अक्षर वाचणारे कमी झाल्यावर रुमाल शाबूत असूनही मुके झाले, हे आपण पाहिलेच आहे. उद्या आपल्या फाइली तशाच मुक्या होऊ नयेत.

मावळात वैशाख लागला की लोक घरे शाकारतात. पाऊस येणार हे ठाऊक असते, तो केव्हा कोसळेल एवढेच ठाऊक नसते. त्याच दिवसांत एक संध्याकाळ काढून दुसरी डिस्क भरावी, तीतून चार फाइली उघडून पाहाव्यात आणि ती डिस्क पुण्यातल्या किंवा भोरमधल्या एखाद्या नातेवाइकाच्या कपाटात ठेवून यावी. कारीच्या जेध्यांनी आपली शकावली जपली म्हणून महाराष्ट्राला शिवजन्माची मिती मिळाली. आपल्या घरातील कागद तेवढ्या योग्यतेचा आहे की नाही हे आज आपणांस सांगता येणार नाही; ते ठरविण्याची संधी पुढच्या पिढीस मिळावी, एवढे मात्र आपल्या हाती आहे.